लोकलमधला अर्धा तास कुणाचा?

पत्र थोडक्यात असं. ती ३३ वर्षांची. घर ठाण्यात वर्तकनगरला, नोकरी वाशीला, एका मालवाहतुकीच्या कंपनीत एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनला, नऊ वर्षं झाली. घरात नवरा, सासूबाई आणि पहिलीतली मुलगी. कॉलेजपासून फँटसी कादंबऱ्यांचं वेड, म्हणजे जादूगार, ड्रॅगन, समुद्रापलीकडची बेटं, सुरुवातीला नकाशा असलेली जाडजूड पुस्तकं. वाचायला मिळतो तो फक्त ट्रान्स-हार्बर लोकलमधला जातानाचा अर्धा तास आणि येतानाचा अर्धा तास. पुस्तकाला ती खाकी कव्हर घालते, कारण या वयात ड्रॅगनचं चित्र लेडीज डब्यात उघडायला लाज वाटते. मागच्या महिन्यात ऑफिसात नवीन टीम लीडने सगळ्यांना आवडतं पुस्तक विचारलं, तेव्हा तिने कधी न वाचलेल्या एका मोटिव्हेशनल पुस्तकाचं नाव सांगून टाकलं आणि तेव्हापासून तिला स्वतःचाच राग येतोय. त्यात ऑफिसने सुचवलंय की कस्टम्सच्या जी कार्डची, म्हणजे मालाची कस्टम्समधली कामं करायला लागणाऱ्या ओळखपत्राची, परीक्षा दे. अभ्यासाला वेळ म्हणजे पुन्हा तोच लोकलचा एक तास. नवरा म्हणतो, ‘परी-राक्षस किती दिवस वाचणार, आता अभ्यासाला लाग.’ तिने जवळजवळ ठरवलंय की माळ्यावरचे पुस्तकांचे दोन खोके रविवारी रद्दीत द्यायचे आणि विषय संपवायचा. ती विचारते, ‘ताई, मी अजून मोठीच झाले नाही का? खऱ्या आयुष्यापासून पळतेय का मी?’

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट लक्षात आली ती आधी सांगते, कारण मला वाटतं सगळी गाठ तिथेच आहे. अर्थसी या तुझ्या लाडक्या फँटसी मालिकेतल्या बेटांबद्दल तू दीड पान लिहिलंयस, त्यातला जादूगार गेड कुठल्या बेटावरून कुठे गेला, त्याच्या बोटीचं नाव काय, तेरेननच्या किल्ल्यात तो कसा अडकला, सगळं एखाद्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसं. आणि नोकरीबद्दल अख्ख्या पत्रात एक ओळ. ‘दिवसभर कोड टाकते आणि मेल करते, बाकी काही नाही.’ नऊ वर्षांची नोकरी आणि बाकी काही नाही?

माझी मामेबहीण याच लाईनमध्ये होती, शिपिंग बिल, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, वेसलचा कट-ऑफ, हे शब्द आमच्याकडे जेवणाच्या ताटावर यायचे, त्यामुळे तू जे कोड म्हणतेस ते काय असतात हे मला थोडंफार माहिती आहे. जगात जी जी वस्तू सीमेपलीकडे जाते तिला एक नंबर असतो, सहा आकडी, १९८८ पासून ही पद्धत आंतरराष्ट्रीय झाली, आणि आपल्याकडे त्याला पुढे दोन आकडे लावून आठ होतात. हळद म्हटली की ०९१०३०, मग ती ओली आहे, सुकी आहे की पूड आहे त्यावर शेवटचे दोन आकडे ठरणार. आंबा ०८०४५०, आणि त्याच सहा आकडी घरात पेरू आणि मँगोस्टीनही राहतात, याचं मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फार नवल वाटलं होतं. नंबर चुकला की कंटेनर न्हावाशेवाला अडकतो, पार्टीचे फोन सुरू होतात, दंड लागू शकतो. म्हणजे एखाद्या वस्तूकडे बघून ‘ही नेमकी काय आहे’ हे ठरवायचं आणि तिचं बरोबर नाव लिहायचं हे तुझं काम.

आता तुझं पुस्तक काढ. १९६८ सालचं ते पहिलं पुस्तक, ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’. रोक बेटावर जादू शिकायला गेलेली पोरं एका मनोऱ्यात पाठवली जातात, तिथला गुरू त्यांना नावांच्या याद्या देतो, आणि मध्यरात्र झाली की शाई पुसून जाते, पान कोरं. तोवर पाठ झालं तर झालं. बेटांची नावं, खाडीची नावं, भूशिराची नावं, थंडीत बसून नुसत्या याद्या घोकायच्या. त्या जगात जादू म्हणजे बाकी काही नाहीच, वस्तूचं खरं नाव माहीत असणं. आणि त्याच्या आधी डोंगरातला म्हातारा ओगियन, ज्याच्याकडे गेड शिकायला राहतो, तो तर काहीच शिकवत नाही, नुसता चालवतो, पावसात भिजवतो, आणि वाटेतल्या एका साध्या झाडपाल्याबद्दल विचारतो की हे काय आहे. पोरगं वैतागून म्हणतं माझं शिक्षण सुरू कधी होणार, तर म्हातारा म्हणतो, झालंय की.

हे पान तू किती वेळा वाचलंयस ते तूच लिहिलंयस, चार वेळा. चार वेळा वाचून ऑफिसला जाऊन दिवसभर नावं ठरवत बसतेस आणि म्हणतेस बाकी काही नाही. मला वाटतं तू त्या कादंबऱ्या वाचताना कामाची पानं गाळतेस. ड्रॅगन लक्षात राहतो, मनोरा नाही. लो टॉर्निंगच्या कोळ्यांच्या बोटींना पाणी लागू नये म्हणून गेड मंत्र घालतो तो भाग, आणि तिथला बोटी बांधणारा मित्र त्याला शिडाची बोट चालवायला शिकवतो, बदल्यात मंत्र शिकतो, आणि त्या मित्राचं पोर तापात जातं, गेडला वाचवता येत नाही. किती जवळचं आहे ते, दोन माणसं आपापला धंदा एकमेकांना शिकवतात. आपल्या खाडीवरच्या विटाव्यात, दिव्यात, बेलापूरला हे असंच चाललं असणार कधीकाळी. पण आपण ‘मला फँटसी आवडते’ म्हणतो तेव्हा यातलं काही डोळ्यासमोर येत नाही.

एक मात्र स्पष्ट सांगते, कारण हे वाक्य चुकीच्या दिशेला जाऊ शकतं. तुझी नोकरी म्हणजे जादूच आहे, जरा प्रेमाने बघ म्हणजे सगळं गोड लागेल, असं मी अजिबात म्हणत नाहीये. गेड नावं शिकला ती स्वतःसाठी, तुझ्या कोडांचा नफा कंपनीला जातो. रात्री साडेआठला मेल येत असतील, नऊ वर्षांत पगार हवा तसा वाढला नसेल, कुणी थँक्यू म्हणत नसेल, तर ते सगळं खरं आहे आणि कुठल्याही पुस्तकाने ते भरून निघत नाही. पण मग तो नोकरीचा प्रश्न आहे, तो नोकरीचा म्हणून हातात घे, पगाराबद्दल बोल, दुसरीकडे अर्ज टाक. त्याची शिक्षा पुस्तकांना कशाला?

आता ‘मोठी झाले नाही’ याबद्दल. मला हे वाक्य ऐकलं की वाईट वाटतं, कारण आपल्या भाषेत असं कधी नव्हतंच. मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची, आणि चारच वर्षांनी, १८६१ ला, लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली, अद्भुतरम्य. पुढे कितीतरी वर्षं मराठी माणूस तसल्याच कादंबऱ्या वाचत होता, नाथमाधवांचं ‘वीरधवल’ १९१३ चं, आणि हे वाचणारे शाळकरी नव्हते, नोकरीधंदा करणारी घरंदाज माणसं होती. वेताळपंचविशी, सिंहासनबत्तिशी तर घरात मोठ्याने वाचायचे आणि आजी, काकू, आत्या ऐकायच्या. तेव्हा कुणी आजीला म्हणालं नाही की तू अजून मोठी झाली नाहीस. हे लहान मुलांचं, ते मोठ्यांचं, ही वाटणी नंतरची आहे, आणि ती कुणी केली म्हणून तू खाकी कव्हर घालावंस असं मला वाटत नाही.

(हे सगळं बाहेरचं, इंग्रजी वाचन आहे असं सासूबाईंना वाटतं असं तू लिहिलंयस, त्यांना एकदा त्यांच्या लहानपणी गुलबकावलीची गोष्ट कुणी सांगितली होती का ते विचार. मग त्याच बोलतील, तुला काही बोलायची गरज नाही पडणार.)

पळण्याचं मात्र मी झटकून टाकणार नाही, तू मनापासून विचारलंयस. पुस्तकात पळणं असतं, मी बघितलंय. त्याची लक्षणं माझ्या अनुभवात अशी असतात: रात्री दोनपर्यंत वाचन आणि सकाळी मुलीच्या डब्यावर चिडचिड, किंवा घरात एक अवघड बोलणं बाकी आहे आणि ते टाळायला पुस्तक उघडलंय, किंवा वाचून झाल्यावर हलकं वाटायच्या ऐवजी जास्तच राग येतोय, की हे माझं आयुष्य का नाही. तुझ्या पत्रात पहिलं तर नाहीच, तुझं वाचन लोकलमध्ये सुरू होतं आणि लोकलमध्ये संपतं, ठाण्याहून गाडी सुटते म्हणून बसायला मिळतं, बोगद्यात नेटवर्क जातं, दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, आणि वाशीला पुस्तक बंद. रोज ठरल्या स्टेशनला उतरणारा माणूस पळत नसतो गं. तिसरं थोडं आहे. आणि दुसऱ्याबद्दल तू काही लिहिलं नाहीयेस पण मला शंका आहे, ते शेवटाकडे सांगते.

एक मात्र मला खटकलं. गेली दोन वर्षं तू नवीन पुस्तक उघडलेलंच नाहीयेस, तीच तीन परत परत. यात चूक काही नाही, दमलेला माणूस ओळखीच्या घरीच जातो. पण दोन वर्षं म्हणजे तू खूप दमली आहेस, असं मी वाचते. तेव्हा ‘मला फँटसीचं व्यसन लागलंय का’ हा प्रश्न सोड आणि ‘मी इतकी कशाने दमलेय’ हा घे. झोप किती, घरातलं काम कुणाकडे किती, रविवारी किती तास तुझे. तेहानू वाचलंयस का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. १९९० चं, त्याच मालिकेतलं चौथं. त्यात गेडची सगळी जादू संपलेली असते, तो डोंगरावर शेळ्या राखतो, आणि टेनार शेतकऱ्याची विधवा, घर चालवते. तिचा समुद्रावरून परत आलेला मुलगा जेवल्यावर ताटं घासायला नाही म्हणतो, हे बायकांचं काम म्हणून, आणि गेड, जो कधीकाळी सगळ्या बेटांचा महाजादूगार होता, तो घासतो. मला तो प्रसंग आठवला की अजून गळा दाटून येतो. ड्रॅगन त्यातही आहे, पण ते भांडी घासण्याचं पान मला वाटतं तुला आत्ता हवंय. आणि लिहिणारी बाई, उर्सुला ले ग्विन, तीन मुलं झोपली की रात्री लिहायला बसायची. तो टोल्किनसुद्धा उन्हाळ्यात जास्तीच्या पैशासाठी परीक्षेचे पेपर तपासत होता, एका पोराने एक पान कोरं सोडलं होतं त्यावर त्याने पहिलं वाक्य लिहिलं, आणि त्याचं पुढे १९३७ चं ‘हॉबिट’ झालं. या कादंबऱ्या रिकाम्या माणसांनी नाही लिहिल्या.

आता परीक्षा. इथे मी तुझ्या नवऱ्याच्या बाजूने थोडी आहे. नऊ वर्षं तेच टेबल, आणि ऑफिस स्वतःहून म्हणतंय जी कार्ड कर, म्हणजे तुझ्यावर विश्वास आहे, आणि कंपनी बदललीस तरी शिकलेलं तुझ्याबरोबर येतं. पण आधी एकदा स्वतःला विचार, तुला ते हवंय की ‘नाही कसं म्हणायचं’ म्हणून चाललंय. हवं असेल तर लोकल सोडून दुसरी जागा शोध. कस्टम्सचा कायदा, नियम, टॅरिफ, हे चेंगरून, बाजूला मटार सोलणाऱ्या काकू, मागे मोबाईलवर सिरीयल, असं डोक्यात जात नाही, मी एकेकाळी बँकेच्या प्रमोशनचा अभ्यास कळव्याहून व्हीटीला जाताना करायचा प्रयत्न केलाय, पानं उलटली फक्त. ऑफिसने सुचवलंय ना, मग ऑफिसला सांग की आठवड्यातले दोन दिवस साडेपाच ते साडेसहा मी माझ्या टेबलवर अभ्यास करणार, त्या वेळी मेल देऊ नका. सरळ मेल लिहून माग. आणि शनिवारी सकाळी दोन तास घरातून बाहेर, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, तिथे जाऊन बस, मुलगी दोन तास बाबाकडे. परीक्षेच्या आधीचे सहा आठवडे सकाळची लोकल अभ्यासाला दे, ताज्या डोक्याने, तेसुद्धा फक्त उजळणीच्या चिठ्ठ्या, जाड पुस्तक नको. संध्याकाळची लोकल कुणालाच देऊ नकोस. वाशी ते ठाणे तुझं. परीक्षा झाली की सकाळही परत घे, हे आत्ताच ठरवून घरात सांगून ठेव, नाहीतर परीक्षा संपते आणि वेळ परत येत नाही, मी खूप बायकांचं बघितलंय.

असंच पत्र मनात लिहून ठेवलेले बाकी लोक हे वाचत असतील, कुणी गेम खेळतं, कुणी कॉमिक्स जमवतं, रबाळ्याच्या कंपनीत शिफ्ट करून आल्यावर रात्री एक चॅप्टर वाचतं, त्यांनाही माझं हेच सांगणं, दिवसातला कुठला तुकडा माझा, हे घड्याळ लावून ठरवा आणि घरातल्यांना कळू द्या. चोरून घेतलेला वेळ नेहमी कमी पडतो, आणि चोरी केल्यासारखं वाटतं ते वेगळंच.

नवऱ्याबद्दल. ‘परी-राक्षस’ हे त्याने चेष्टेत म्हटलं असेल, तुला लागलं, ते त्याला सांगितलंस का? पत्रात तरी दिसत नाही. मघाशी शंका म्हणाले ती हीच. घराचा हप्ता, मुलीची फी, याची काळजी त्याला असणार, आणि ती काळजी ‘अभ्यासाला लाग’ अशा शब्दांत बाहेर पडत असणार, पुरुषांचं बऱ्याचदा असं होतं. तर एका रात्री पोर झोपल्यावर आधी पैशाचं बोला, हप्ता किती, जी कार्डने पगारात किती फरक पडेल, किती वर्षं. कागदावर मांडा. मग म्हण, आता माझं एक ऐक, आणि त्याला पुस्तकातलं एक पान वाचून दाखव, मराठीत सांगत सांगत. ते शाई पुसली जाणारं पान दाखव. त्याला आवडलं नाही तरी चालेल. तुला काय आवडतं हे त्याला दहा वर्षांत कुणी दाखवलेलंच नाहीये, तूही नाही.

आणि ऑफिसमधलं ते खोटं, त्यासाठी आता जाऊन कबुली देऊ नकोस, कुणाच्या लक्षातही नसेल. पुढच्या वेळी विषय निघाला की दोन वाक्यं पुरे, ‘मला फँटसी कादंबऱ्या आवडतात, अर्थसीची मालिका चार वेळा वाचलीय.’ पुढे ‘वेळ घालवायला’, ‘सहज’, ‘लहानपणीची सवय’ असलं काही जोडायचं नाही. वाक्य तिथे संपव आणि चहा पी. बघ, दहा जणांत एक तरी मान वर करेल. आणि कव्हर काढ. सगळ्या पुस्तकांचं नको, आत्ता पर्समध्ये आहे त्याचं.

शेवटी खोके. २००६ साली कळव्याहून घर हलवताना मीही तीन खोके रद्दीत दिले होते, जागा नाही म्हणून, आणि ‘आता वाचायला कुठे वेळ’ म्हणून. किलोच्या भावाने काट्यावर जाताना बघितले. त्यातली काही नंतर फुटपाथवरून परत घेतली, पण माझ्या पेन्सिलीच्या खुणा असलेलं एकही मिळालं नाही. जागाच हवी असेल तर दोनाचा एक खोका कर, जी परत वाचणार नाहीस ती एखाद्या वाचनालयाला किंवा सोसायटीतल्या आठवी-नववीच्या पोरांना दे, वाचणाऱ्याच्या हातात गेलेलं पुस्तक गेल्यासारखं वाटत नाही. अर्थसी, आणि तू कॉलेजमध्ये पहिल्या कमाईतून घेतलेलं ते नकाशावालं, ही खाली काढून मुलीच्या हाताला लागतील अशा फळीवर ठेव. तिला दोनेक वर्षांत वाचता येईल, तोवर नकाशे बघेल.

रद्दीवाला रविवारी येणार म्हणालीस ना, त्याला आज रात्रीच फोन करून नको म्हणून सांग.